पारपत्राची किंमत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून २-१ असा पराभूत झाला आणि २०२७ च्या आशिया चषक स्पर्धेचे दार भारतापुरते बंद झाले. लालियानझुआला छांगटे याने चौदाव्या मिनिटालाच भारताला आघाडी मिळवून दिली होती. ती आघाडी पुसून टाकणारा आणि नंतर विजय खेचून नेणारा, असे सिंगापूरचे दोन्ही गोल एकाच खेळाडूचे होते. सोंग उई-यंग हे त्याचे नाव. हा खेळाडू सिंगापूरचा नव्हे, दक्षिण कोरियातील इंचॉन शहरात १९९३ साली जन्मलेला. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी तो सिंगापुरातील एका क्लबाकडे खेळावयास आला, तेथेच राहिला आणि २०२१ साली आपले कोरियन नागरिकत्व सोडून सिंगापूरचा नागरिक झाला. ज्या देशाने त्याला काम दिले, त्या देशाचे ऋण त्याने गोव्याच्या भूमीवर फेडले आणि त्याचा भुर्दंड भारताला सोसावा लागला.

फुटबॉल म्हणजे जीव की प्राण मानणाऱ्या कोल्हापूरसारख्या शहरात अशा पराभवानंतर एकच प्रश्न विचारला जाणे साहजिक होते. इतर देश परक्या भूमीत जन्मलेल्या खेळाडूंना आपलेसे करून सामने जिंकतात, मग भारताने तसे का करू नये? प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. भारताने हा प्रयोग पूर्वी केलेला आहे, आणि त्या प्रयोगातील खेळाडूचे आयुष्य बव्हंशी महाराष्ट्रातच गेले आहे. त्याच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडून पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही.

शिमोनोसेकी ते पुणे

अराता इझुमी याचा जन्म ३१ जुलै १९८२ रोजी जपानमधील यामागुची प्रांतातल्या शिमोनोसेकी या बंदराच्या शहरी झाला. आई जपानी, वडील गुजराती. नीलकंठ खंभोळजा या भारतीय नावानेही तो ओळखला जातो. फुटबॉलचे प्राथमिक धडे त्याने जपानमध्ये गिरविले, काही काळ सिंगापुरातील जपानी क्लबाकडून तो खेळला आणि २००६ साली कोलकत्याच्या ईस्ट बंगाल क्लबाने त्याला भारतात आणले. तेथून तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे गेला आणि २००९ पासून पुढील काही वर्षे पुणे फुटबॉल क्लबाचा आधारस्तंभ बनून राहिला. मधल्या फळीत खेळणारा, आडदांडपणापेक्षा चेंडूच्या अचूक वाटपावर भिस्त ठेवणारा आणि सामन्याच्या अखेरच्या मिनिटापर्यंत धावण्यात कसूर न करणारा असा त्याचा लौकिक होता. २०१२-१३ च्या आय-लीग स्पर्धेत पुण्याचा संघ चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर आला, त्या संघाचा तो महत्त्वाचा घटक होता.

या सर्व वर्षांत तो कागदोपत्री परदेशीच होता. क्लबांना परदेशी खेळाडूंच्या ठरावीक जागा असतात आणि त्यांतील एक जागा तो अडवीत असे. राष्ट्रीय संघाचे तत्कालीन डच प्रशिक्षक विम कूवरमन्स यांना तो हवा होता. परंतु भारताकडून खेळावयाचे तर भारताचे पारपत्र हवे, आणि भारताचे पारपत्र हवे तर जपानचे परत केले पाहिजे, अशी अट होती. अराताने ती मान्य केली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो भारताच्या गणवेशात उतरला. परदेशाचे नागरिकत्व सोडून भारतासाठी फुटबॉल खेळणारा पहिला खेळाडू म्हणून त्याचे नाव झाले. तो सामना भारताने २-४ असा गमावला. त्यानंतर राष्ट्रीय संघाकडून त्याला आणखी मोजकेच सामने खेळावयास मिळाले. एकूण संख्या दोन आकडी झाली नाही.

वरवर पाहता हा व्यवहार आतबट्ट्याचाच म्हटला पाहिजे. जगातील एका अत्यंत संपन्न आणि सुव्यवस्थित देशाचे नागरिकत्व, ज्याच्या बळावर पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ कोठेही विनासायास प्रवास करता येतो, ते त्याने कायमचे सोडले आणि त्याच्या बदल्यात दहापेक्षा कमी सामने मिळविले. खेळाडूचे आयुष्य अल्प असते. नागरिकत्व हाती पडले तेव्हा अराताने तिशी ओलांडली होती. ऐन उमेदीची वर्षे वास्तव्याची अट आणि कागदपत्रे यांच्या प्रतीक्षेतच सरून गेली होती.

कायद्याची चौकट

भारताचा कायदा याबाबत संदिग्ध नाही. जो स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व पत्करील तो भारताचा नागरिक राहणार नाही, हे तत्त्व संविधानाच्या नवव्या अनुच्छेदात आले आणि १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने ते पुढे चालविले. भारतीय वंशाच्या परदेशस्थ व्यक्तीस नोंदणीद्वारे नागरिकत्व मिळू शकते, परंतु त्यासाठी सर्वसाधारणपणे सात वर्षांचे वास्तव्य लागते. २००५ नंतर ‘भारताचे समुद्रपार नागरिक’ असे कार्ड परदेशस्थ भारतीयांना मिळू लागले खरे. पण ते नावालाच नागरिकत्व आहे. त्या कार्डधारकास मतदानाचा हक्क नाही आणि सार्वजनिक पद नाही. २००८ च्या अखेरीस केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने धोरण ठरविले, की राष्ट्रीय संघात केवळ भारतीय पारपत्र असलेलाच खेळाडू घेतला जाईल. या निर्णयाची झळ प्रथम टेनिसला लागली. त्याच वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाची जोडीदार म्हणून खेळलेली अमेरिकास्थित सुनीता राव यापुढे भारताकडून खेळू शकणार नव्हती. फुटबॉलमध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे वाढलेल्या मायकेल चोप्राचे नाव अनेक वर्षे घेतले जात होते. त्याने २०१४ मध्ये केरळच्या क्लबाकडून खेळ केला, पण राष्ट्रीय संघापर्यंत तो कधीच पोहोचला नाही.

अन्य देशांनी निराळे मार्ग अनुसरले. कोरियाचेच उदाहरण बोलके आहे. अमेरिकन वडील आणि कोरियन आई यांच्या पोटी सोल येथे १९७५ साली जन्मलेला जॅरॉड स्टीव्हनसन हा बास्केटबॉलपटू अमेरिकेत वाढला, युरोपात व्यावसायिक म्हणून खेळला आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर आईच्या देशातील लीगमध्ये दाखल झाला. कोरियाने आपल्या नागरिकत्वविषयक कायद्यात सुधारणा करून असामान्य गुणवत्तेच्या व्यक्तींना मूळचे नागरिकत्व न सोडता कोरियन होण्याची मुभा दिली. २०११ साली त्या तरतुदीनुसार स्टीव्हनसन कोरियन नागरिक झाला आणि मून ते-जोंग या नावाने राष्ट्रीय संघात आला. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत अंतिम सामन्यात इराणला ७९-७७ असे नमवून कोरियाने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा अडतीस वर्षांचा मून त्या संघात होता. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने मात्र या वाटेवर एक फाटक बसविले आहे. सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व मिळविलेला एकच खेळाडू एका संघात घेता येतो.

शेजारच्या बांगलादेशाचा कायदाही दुहेरी नागरिकत्वाच्या बाबतीत सैल आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि तेथील अव्वल लीगमध्ये खेळलेला हमझा चौधरी मार्च २०२५ मध्ये शिलाँग येथे भारताविरुद्धच बांगलादेशाकडून प्रथम उतरला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असे हरविले. तेव्हा दुहेरी नागरिकत्वाच्या समर्थकांना हाती आयते उदाहरण मिळाले. त्याच महिन्यात भारतानेही अरातानंतरचा दुसरा प्रयोग केला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेला आणि बंगळूर एफसीकडून खेळणारा रायन विल्यम्स याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. त्याच्या आईचा जन्म मुंबईतील अँग्लो-इंडियन कुटुंबात झालेला. आजोबा मुंबईकडून संतोष करंडकात खेळलेले. म्हणजे या खेळाडूची मुळेही महाराष्ट्राच्याच मातीत निघतात. परंतु तोही बत्तीस वर्षांचा. अराताची गोष्ट एका तपानंतर पुन्हा घडत आहे.

आयात आणि निर्यात

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर खेळाडू हे एक मानवी भांडवल आहे. ते घडविण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. त्याचा खर्च कुटुंब, शाळा, मैदाने आणि प्रशिक्षक यांच्यावर पडतो आणि त्याचे उत्पन्न मात्र खेळाडू जेथे खेळेल तेथे मिळते. अराताला घडविण्याचा खर्च जपानने केला, फळ भारताला मिळाले. याच्या उलट उदाहरण म्हणजे सौरभ नेत्रवळकर. मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा मराठी गोलंदाज २०१० मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून विश्वचषक खेळला, मुंबईसाठी रणजी सामन्यातही उतरला. पण क्रिकेटमध्ये पुढची वाट दिसेना, म्हणून २०१५ मध्ये संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. ६ जून २०२४ रोजी डॅलस येथे अमेरिकेने विश्वचषकात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरविले, तेव्हा ते निर्णायक षटक टाकणाऱ्याचे नाव सौरभ नेत्रवळकर होते. येथे खर्च मुंबईने केला आणि श्रेय अमेरिकेला मिळाले. त्या विजयाबद्दल मुंबईच्या वस्तीवस्तीत आनंद झाला, कोणी नेत्रवळकरला परका म्हटले नाही. मग बाहेरून येणाऱ्याकडे संशयाने पाहण्याचा अधिकार आपणांस उरतो काय?

तरीही आयातीच्या हिशेबात एक मेख आहे. आयात केलेले यंत्र दोन प्रकारे वापरता येते. त्यावर केवळ आजचा माल काढता येतो, किंवा ते उघडून, समजून घेऊन आपल्या कारखान्यात तशी यंत्रे घडविता येतात. राष्ट्रीय संघातील मोजके सामने हा पहिल्या प्रकारचा उपयोग झाला आणि तो तोकडाच ठरला. परंतु अराताची कारकीर्द त्या सामन्यांबरोबर संपली नाही. इंडियन सुपर लीगमध्ये तो कोलकत्याच्या संघाकडून खेळला. पुढे पुणे सिटी आणि केरळ ब्लास्टर्स यांच्याकडून खेळून तो निवृत्त झाला. निवृत्तीनंतर तो जपानला परतला नाही. नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशनच्या युवा फुटबॉल प्रबोधिनीत प्रशिक्षक म्हणून तो कामाला लागला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून निवडून आलेल्या मुलांना चेंडू कसा अडवावा, कसा वळवावा, केव्हा सोडावा, हे शिकवू लागला. पारपत्राच्या बदल्यात भारताला जो खरा लाभ झाला, तो हा आहे. धावफलकावर त्याची नोंद कोठेही नाही.

टिकले काय, बुडाले काय

अराताच्या कारकिर्दीतील आणखी एक बाब महाराष्ट्राने लक्षात ठेवण्याजोगी आहे. या राज्यातील ज्या तीन व्यावसायिक क्लबांसाठी तो खेळला, त्यांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला. अशोक पिरामल समूहाने २००७ साली काढलेला पुणे फुटबॉल क्लब अवघ्या आठ वर्षांत बंद पडला. पुणे सिटी २०१९ मध्ये लयास गेला. खेळाडूने देश बदलला आणि तो अखेरपर्यंत त्या देशाचा होऊन राहिला. भांडवलाने मात्र हिशेब जुळेना असे दिसताच मैदान सोडले. ज्याच्याकडून निष्ठेचा पुरावा कागदावर मागितला गेला त्याने तो दिला, आणि ज्यांच्याकडे कोणी मागितला नाही ते निघून गेले.

कोल्हापूरचे चित्र याच्या अगदी उलट आहे. येथे फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पेठेचा अभिमान आणि पेठेची वर्गणी हेच त्यांचे भांडवल. शाहू स्टेडियमवर सामना असला की नोकरदारापासून भाजीविक्रेत्यापर्यंत सारे पायऱ्यांवर जमतात. कोणत्याही उद्योगसमूहाच्या ताळेबंदावर या संघांचे आयुष्य अवलंबून नाही. व्यावसायिक क्लबांना जी चिकाटी दाखविता आली नाही, ती या पेठांनी दाखविली आहे.

मात्र याच पेठांना गेल्या काही वर्षांत आयातीचा मोह पडला. हंगामापुरते आफ्रिकी खेळाडू आणावयाचे, करंडक जिंकावयाचा आणि हंगाम संपताच त्यांना निरोप द्यावयाचा, असा प्रघात पडला. परक्याचे वावडे कोल्हापूरला कधीच नव्हते. राजर्षी शाहू छत्रपतींनी पंजाबादी उत्तरेकडील मल्लांना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले आणि कुस्तीची पंढरी असा या नगरीचा लौकिक करून ठेवला. परंतु महाराजांच्या आयातीमागे हेतू होता. बाहेरचा वस्ताद येथे राहावा, येथील पोरांनी त्याच्याबरोबर मेहनत करावी आणि त्याची विद्या येथील लाल मातीत मुरावी, हा तो हेतू. हंगामी पाहुणा विद्या मागे ठेवून जात नाही. तो जिंकलेला करंडक तेवढा ठेवून जातो. पाहुणा, आश्रित आणि नागरिक यांतील फरक राजर्षींना जितका कळला होता, तितका आजच्या क्रीडा संघटकांना कळला आहे, असे म्हणवत नाही.

कायदा सैल करण्याविरुद्धचा आक्षेपही येथेच समजून घेतला पाहिजे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव रिक्षाचालकाचा मुलगा. लहान वयात घर सोडून तो पुण्यात प्रशिक्षणासाठी गेला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. असा एक अनिकेत वर येतो तेव्हा त्याच्या मागे जागा न मिळालेली कितीतरी मुले असतात. राष्ट्रीय संघात अकराच जागा आहेत. परदेशी गवतावर, परदेशी प्रशिक्षकांच्या हाताखाली वाढलेल्यांना त्या जागा सुलभपणे खुल्या झाल्या, तर येथील मैदाने सुधारण्याची निकड कोणास वाटेल? तयार माल बाहेरून मिळू लागला की घरचा कारखाना प्रथम ओस पडतो, हा अनुभव अन्य क्षेत्रांत देशाने घेतलेला आहे. या आक्षेपात तथ्य आहे.

परंतु आक्षेप घेणाऱ्यांनीही एका गोष्टीचे उत्तर दिले पाहिजे. दारे बंद ठेवल्याने घरचा कारखाना आपोआप चालू होत नाही. २००८ पासून दार जवळजवळ बंदच आहे. त्या काळात देशी फुटबॉलची भरभराट झाली काय? १९९६ साली जागतिक क्रमवारीत ९४ व्या स्थानापर्यंत पोहोचलेला भारत २०२५ च्या अखेरीस १४२ व्या स्थानावर घसरला. येथील खेळाडूचे नुकसान परदेशी पारपत्राने केले नाही; मैदानाचा अभाव, स्पर्धांची अनिश्चितता आणि संघटनांतील भाऊबंदकी यांनी केले. खाशाबा जाधव यांचे नागरिकत्व निःसंशय भारतीय होते. तरीही १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना दारोदार हिंडावे लागले आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा कोठे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. पारपत्र होते, प्रवासखर्च नव्हता. हा प्रश्न नागरिकत्वाच्या कोणत्याही कायद्याने सुटत नाही.

तेव्हा या चर्चेत दोन प्रश्न निरनिराळे ठेवले पाहिजेत. ज्याला भारताकडून खेळावयाचे आहे त्याने भारताचा नागरिक व्हावे, ही अट अन्यायाची नाही. अराताने ती पाळली, विल्यम्सने पाळली, आणि फातोर्ड्यावर भारताला नमविणाऱ्या सोंगनेही आपल्या नव्या देशाबाबत तीच पाळली. दुहेरी नागरिकत्वाची सवलत न देताही सिंगापूर जिंकले, ही गोष्ट सवलतीचा आग्रह धरणाऱ्यांनी दृष्टीआड करू नये. परंतु जो पूर्ण किंमत मोजावयास तयार आहे, त्याचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहू नये. विशीत येऊ इच्छिणाऱ्याला तिशीत प्रवेश देणे म्हणजे किंमत पूर्ण घ्यावयाची आणि माल निम्मा पदरात पाडून घ्यावयाचा. असा व्यवहार दोन्ही बाजूंना तोट्याचा आहे.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. आलेल्याचे करावयाचे काय? त्याला केवळ अकरांतील एक जागा द्यावयाची, की त्याच्या विद्येसाठी मैदान, विद्यार्थी आणि काळ उपलब्ध करून द्यावयाचा? अराता इझुमीच्या वाट्याला पहिले थोडे आले आणि दुसरे त्याच्या आयुष्याच्या उत्तरार्धात आले. त्याच्या हाताखाली शिकलेला एखादा मुलगा उद्या भारताच्या संघात उतरेल, तेव्हा त्याच्या पारपत्रावर जपानचा उल्लेख असणार नाही आणि त्याच्या निवडीवर कोणी आक्षेपही घेणार नाही. परंतु त्या मुलाच्या खेळात शिमोनोसेकीत शिकलेले काहीतरी असेल. एका माणसाने आपला देश सोडून जे आणले, ते येथे मुरले काय, हे ठरविणारा सामना अद्याप खेळला जावयाचा आहे.